चौदा नंबरचा टॉवेल

सोमवारची सकाळ म्हणजे लॉन्ड्रीत नाक दाबून काम करायची सकाळ. आठवडाभराचा मळ त्या दिवशी एकदम दारात येऊन पडतो. खानावळींचे टेबलक्लॉथ, वसतिगृहातल्या उशांचे अभ्रे, दवाखान्याची ओली गोणी, आणि यंदापासून मुलींच्या फुटबॉल क्लबच्या बावीस जाळीच्या पिशव्या. प्रत्येक पिशवीला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर खेळाडूचा नंबर. आत एक जर्सी, एक चड्डी, मोज्यांचा जोड आणि एक पांढरा टॉवेल.

या लॉन्ड्रीत मोठ्या बाई वीस वर्षं कपडे निवडत होत्या. कुठला डाग थंड पाण्याचा, कुठला गरम पाण्याचा, कुठल्याला नुसता साबण आणि कुठल्याला ब्रश, हे त्या लांबून सांगत. सगळ्या त्यांना मोठ्या बाई म्हणत ते काही वयामुळे नाही. खिडकीजवळची वाऱ्याची जागा त्यांची, चहाचा पहिला कप त्यांचा, आणि कोणती गोणी कुणी उपसायची हे ठरवायचा हक्कही त्यांचाच. उशीचा अभ्रा उलटा करून त्या म्हणायच्या, "ही पोरगी रात्री रडते गं." आणि ते खरं निघायचं. कपड्यांना खोटं बोलता येत नाही, असा त्यांचा विश्वास होता.

त्या सोमवारी त्यांनी चौदा नंबरची पिशवी टेबलावर उपडी केली आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"शी शी शी! अगं बायांनो, या जरा! हे बघा काय ते!"

जर्सी होती घामेजलेली, मोजे मळलेले, पण त्यात नवल नव्हतं. नवल टॉवेलचं होतं. तो टॉवेल राहिलाच नव्हता. चिखलाचा गोळा झाला होता. चिखलात गवत, गवतात केस, एका कोपऱ्यात चघळून टाकलेलं च्युइंगम चिकटलेलं, आणि मधोमध कुणाची तरी थुंकी वाळून पिवळी पडलेली. असा आंबूस वास येत होता की इस्त्रीवाले काका पार पलीकडच्या टेबलावर गुणगुणत होते, ते गुणगुणायचे थांबले.

"तिसरा आठवडा आहे हा," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि दर वेळी चौदा नंबरचाच. अहो, बाकीच्यांचे टॉवेल बघा, जवळजवळ स्वच्छ. ही पोरगी काय टॉवेलने मैदान पुसते का?"

"नवी गोलकीपर आहे म्हणे ती," एक बाई म्हणाली. "चिखलात लोळत असेल."

"लोळून असा होत नाही. हे बूट पुसलेत! पंधरा-वीस जणींनी बूट पुसलेत याच्यावर. आणि वर थुंकल्यात. कुणाच्या पोटच्या असतील गं असल्या पोरी? यांच्या आयांनी यांना जेवायला घातलं, पण शिकवलं काय? मला एकेकीची आई भेटू दे. तोंडावर विचारीन, बाई, तुझ्या घरात माणसं राहतात की कोण राहतं?"

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. फक्त मागच्या कोपऱ्यातून कुणीतरी ओकारी दाबल्याचा आवाज आला. तिथे नव्या बाई दवाखान्याची गोणी उपसत होत्या. पन्नाशीच्या, चार महिन्यांपूर्वीच कामाला लागलेल्या. त्या गोणीत काय काय असायचं ते लिहायला लेखणी धजत नाही. आजारी माणसाच्या अंगातून जे जे बाहेर पडतं ते सगळं चादरींना लागून यायचं. खिळ्याला रबरी हातमोजे टांगलेले होते. पण पुढची नवी येईपर्यंत हातमोजे घालायचे नाहीत, उघड्या हातांनी करायचं, म्हणजे हात मुरतात, अशी इथली पद्धत. ओकारीच्या आवाजाकडे कुणी वळून पाहिलं नाही. रोजचंच होतं ते.

मोठ्या बाईंनी टॉवेल टेबलावर पसरला. डाग काढायचा तर आधी तो वाचावा लागतो. बुटांच्या तळव्यांचे ठसे एकावर एक पडले होते. गोल खिळ्यांचे, चौकोनी खिळ्यांचे. आणि अगदी मधोमध, थुंकीला लागून, एका डाव्या टाचेचा ठसा स्वच्छ उमटला होता. टाचेवर अर्ध्या चंद्राचा आकार, आणि त्या चंद्रावर बारीक बारीक उभ्या रेघा.

मोठ्या बाईंच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

त्यांची लेक याच क्लबात खेळायची. उन्हाळ्यात तिच्या डाव्या बुटाची टाच सुटली होती. हंगाम तोंडावर, नवे बूट लगेच मिळण्यासारखे नव्हते. तेव्हा घरातली गरम पाण्याची जुनी रबरी पिशवी कात्रीने कापून त्यांनीच तिचा अर्धगोल तुकडा टाचेला चिकटवला होता. शेकायच्या पिशवीवर असतात तशा बारीक रेघा त्या तुकड्यावर होत्या. "बघ, कशी छान पकड येईल," असं त्यांनीच लेकीला सांगितलं होतं. अशी टाच साऱ्या गावात दुसऱ्या कुणाच्या बुटाला असणं शक्य नव्हतं.

कपड्यांना खोटं बोलता येत नाही!

"काय झालं हो मोठ्या बाई?" शेजारणीने विचारलं. "सापडली का एखादीची आई?"

"काही नाही," त्या म्हणाल्या, आणि टॉवेल बादलीत कोंबला. मग ब्रश घेऊन त्या डागाशी जे भिडल्या! इतक्या घासल्या की मधला धागा विरला. ठसा गेला. मगाशी ज्या आईला त्या तोंडावर विचारणार होत्या, ती आई बादलीच्या पाण्यात दिसत होती.

*

लेकीचं घरातलं नाव चिमणी. संघात तिला वादळ म्हणत. सात नंबरची जर्सी, मधल्या फळीत खेळायची, आणि येत्या शनिवारी कर्णधाराचं नाव जाहीर होणार होतं ते तिचंच, असं सगळे धरून चालले होते. वडील लांब पल्ल्याची गाडी चालवत, आठवड्यातून दोन दिवस घरी. त्यांनी गाडीतल्या सगळ्या ओळखीच्या प्रवाशांना ही बातमी आधीच सांगून टाकली होती.

संध्याकाळी चिमणी सरावाहून आली, हातपाय धुऊन ताटावर बसली. मोठ्या बाईंनी तिच्यासमोर काही वाढलंच नाही.

"आई, भूक लागलीये ना."

"चौदा नंबरच्या टॉवेलला बूट कोण पुसतं?"

चिमणीने एकदा आईकडे पाहिलं, मग ताटाकडे. "अच्छा. ते होय. सगळ्याच पुसतात."

"तूही?"

"आई, तुला संघातलं काही कळत नाही. नवी आली की पहिला हंगाम तिचा टॉवेल कपडे बदलायच्या खोलीच्या दारात टाकायचा. सगळ्या त्याला बूट पुसून आत येतात. पद्धत आहे ती. मग दर वेळी शेवटी ती त्यानेच तोंड पुसते, आपण टाळ्या वाजवतो, झालं. हसतात सगळ्या. तीही हसते."

"काय पुसते?"

"तोंड."

सकाळी चिमटीत धरायला नको वाटलेला तो टॉवेल. तो वास, ते च्युइंगम, ती पिवळी थुंकी! आणि त्यावर एका पोरीचं तोंड!

"शी! देवा रे देवा! आणि मॅडम? तुमच्या कोच मॅडम बघतात हे?"

"मॅडम तेव्हा बाहेर जाळी गुंडाळत असतात," चिमणी म्हणाली. "त्यांना माहितीये. त्याही खेळायच्या ना पूर्वी. त्या म्हणतात, अशानेच संघ घट्ट होतो."

"आणि थुंकतं कोण?"

चिमणी ताटाची कड नखाने कोरू लागली.

"मी विचारतेय, थुंकतं कोण?"

"एकदाच थुंकले मी. गेल्या सामन्यात तिच्यामुळे दोन गोल खाल्ले आम्ही. मुकी आहे ती, आई! गोलकीपरला मागून सगळं मैदान दिसतं. तिने ओरडून सांगायचं असतं, डावीकडे जा, मागे ये, मोकळी आहे ती, धर तिला. ही तोंडच उघडत नाही. खांबासारखी उभी! मग राग नाही येणार?"

"म्हणून थुंकायचं? मी तुला..."

"आई, माझ्याही टॉवेलला पुसलेत सगळ्यांनी!" चिमणीचा आवाज चढला. "गेल्या वर्षी. तेरा आठवडे. मी कधी रडले? कधी तुला सांगितलं? सोसलं म्हणून तर आज मान आहे मला. मी आले की बाकावर जागा करून देतात. माझ्या बाटलीला कुणी हात लावत नाही. असा फुकट नाही मिळत मान!"

गेल्या वर्षी क्लबचे कपडे लॉन्ड्रीत येत नव्हते, ज्याचे त्याने घरी धुवायचे. चिमणी सरावाहून आली की स्वतःहून न्हाणीत जायची आणि टॉवेल धुऊन टाकायची. पोर मोठी झाली, कामाला लागली, म्हणून यांनी शेजारीपाजारी कौतुक केलं होतं. आणि तेव्हाच पोरीच्या हनुवटीवर लाल पुरळ उठलं होतं. वयाचं असेल म्हणून मलम लावलं होतं. साऱ्या गावाचे डाग वाचणाऱ्या बाईला स्वतःच्या न्हाणीतला टॉवेल वाचता आला नव्हता.

"चिमणे, मला सांगायचंस की गं."

"काय सांगायचं? तू काय वेगळी आहेस?" चिमणी उठून उभी राहिली. "तुमच्याकडे त्या नव्या बाई आल्यात ना? पहिल्याच दिवशी गोणी उघडली आणि तिथेच ओकल्या, हे तूच जेवताना सांगितलंस आम्हाला. नक्कल करून! बाबा पोट धरून हसले. मीही हसले. 'मी दीड वर्ष केलं उघड्या हातांनी, आता हिची पाळी,' असं म्हणालीस. मग? तुझी ती पद्धत आणि माझी ती घाण?"

चिमणी उपाशीच आत गेली. मोठ्या बाईंनी तिचं कोरं ताट तसंच उचलून ठेवलं.

*

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्या काकांसमोर घडी केलेले कपडे ठेवताना त्यांनी सगळं सांगून टाकलं. काका वयस्कर, देवाचं नाव घेत इस्त्री फिरवणारे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी चौदा नंबरचा टॉवेल ढिगातून काढला, उजेडात धरला.

"मध्ये विरलाय."

"जोर लागला जरा."

"स्वच्छ निघालाय पण. ती पोरगी तोंड पुसायची तेव्हा इतका स्वच्छ असता तर काय बिघडलं असतं?"

"काका, टोचून बोलू नका. पोरीला बोलायला गेले तर तिने माझंच माप माझ्या पदरात घातलं. खोटंही नाही म्हणता येत. पण मी तरी काय करू? मी आले तेव्हा माझ्याकडूनही हेच करून घेतलं. दीड वर्ष! नखांत घाण जायची, घरी घास तोंडात जाईना. मी सोसलं म्हणून आज चार जणी मला मान देतात."

काकांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"एक विचारू? दीड वर्षाने तुमची गोणी सुटली, ती का सुटली? तुमचं काम बघून सुटली?"

"नाही. माझ्यामागून दुसरी आली."

"मग त्याला मान कसं म्हणता बाई? ती नुसती सुटका झाली. तुमच्या मानेवरचं ओझं दुसरीच्या मानेवर गेलं, आणि मान हलकी झाली तशी तुम्हाला वाटलं आपण उंच झालो. तुमच्या लेकीचंही तेच. बाकावर जागा मिळते ती तिच्या खेळाला नाही हो मिळत. उद्या आपल्यावर थुंकेल या भीतीला मिळते."

"काका!"

"कडू लागेल. पण ऐका. कुठल्याही डागावर तुम्ही बोट ठेवून सांगता, हा अमक्याचा. ते ऐकायला मी माझी इस्त्री थांबवतो. तो तुमचा मान. खिडकीजवळची जागा नव्हे. आणि ती गोलकीपर पोर ओरडत नाही म्हणून तुमची लेक चिडते. अहो, शनिवारी जिच्या तोंडाला सगळ्यांनी आपले बूट लावले, ती पुढच्या शनिवारी त्यांनाच ओरडून हुकूम कसा देईल? कुठल्या तोंडाने? तिचा आवाज यांनीच पुसून टाकला आणि आता म्हणतात मुकी आहे!"

मोठ्या बाई घड्या उचलून जायला वळल्या. पण काकांनी पुन्हा इस्त्री हातात घेतली आणि सहज, जाता जाता विचारावं तसं विचारलं, "मला एक कळत नाही. त्या खोलीच्या दाराला पायपुसणं नाही का हो?"

*

गुरुवारी दवाखान्याची दुसरी गोणी आली. नव्या बाई सवयीने पुढे झाल्या. मोठ्या बाईंनी खिळ्यावरचे हातमोजे काढले आणि त्यांच्यापुढे धरले.

"हे तुमचे. आणि आजची गोणी माझी. तुम्ही जाऊन चहा घ्या."

नव्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी हात जोडले. "माझं काय चुकलं? कामावरून काढताय का मला? मी ओकारी आवरते हो आता. आज आवाजही करणार नाही."

अहो, माणसाला माणसासारखं वागवलं तर त्याला वाटावं आपल्याला काढून टाकतायत! मोठ्या बाईंनी ते जोडलेले हात सोडवले आणि त्यांत हातमोजे ठेवले.

"तुमचं नाही चुकलं. माझं चुकलं. आजपासून गोणी पाळीने. पहिली पाळी माझी, आणि हातमोजे सगळ्यांना."

खिडकीकडून हसू फुटलं. "मोठ्या बाईंचं डोकं तापलं वाटतं!" "आता आम्ही पण उपसायची होय? आमचं भोगून झालंय म्हटलं!" एकीने तर त्यांचा चहाचा कप सरळ उचलून तोंडाला लावला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. मोठ्या बाईंनी दुसरा जोड शोधला, तो सापडला नाही. तेव्हा उघड्या हातांनीच गोणीचं तोंड सोडलं.

सवय मोडली होती. वास डोक्यात गेला. तिसऱ्या चादरीत हाताला काहीतरी मऊ, कोमट लागलं आणि त्या मोरीकडे धावल्या. ओणव्या होऊन ओकल्या. तोंड धुऊन वळतात तो दारात चिमणी उभी!

धुतलेल्या पिशव्या न्यायला आली होती. तिच्यामागे एक सडपातळ पोरगी, पिशव्या उचलायला आणलेली. नव्यांनीच उचलायचं, हीही पद्धतच. कपाळावर चिकटलेले केस, आणि हनुवटीवर लाल पुरळ.

मोठ्या बाईंना बिल्ला बघायची गरज नव्हती.

"तू चौदा नंबर ना?"

"हो काकू." पोरगी लाजून हसली. "माझा टॉवेल तुम्हीच धुता का? फार छान निघतो. मला तर वाटतं नवाच दिलाय. तुम्हाला त्रास होतो ना दर वेळी? आता नाही होणार. पुढच्या सोमवारपासून माझी पिशवी येणार नाही."

"का गं?"

"सोडतेय मी. अजून कुणाला सांगितलं नाही." मग तिच्या लक्षात आलं की वादळ शेजारीच उभी आहे. तिने पटकन पिशव्या उचलल्या. एकदम अकरा पिशव्या, हनुवटीने दाबून धरलेल्या. "येते काकू."

चिमणी हलली नाही. ती आईच्या हातांकडे बघत होती. कोपरापर्यंत काय लागलं होतं ते दिसत होतं.

"आई, तू का करतेयस? त्या नव्या बाई कुठेत?"

"चहा पितायत."

"आणि या सगळ्या हसतायत का?"

"मला हसतायत." मोठ्या बाई पुन्हा गोणीकडे वळल्या. "जा तू. तुला उशीर होईल. आणि चिमणे, उरलेल्या अकरा तू उचल."

*

शनिवारी लॉन्ड्रीत कामाचा डोंगर, त्यामुळे मोठ्या बाईंना मैदानावर जाता आलं नाही. चिमणी घरी आली ती डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपली. रविवारीही ती घराबाहेर पडली नाही.

सोमवारी मोठ्या बाईंनी जाळीच्या पिशव्या मोजल्या. एकवीस आल्या की बावीस? बावीस! चौदाची पिशवी होती. त्यांनी ती उपडी केली. टॉवेल पांढरा. घामाचा ओलावा, गवताची एक काडी, बस्स. त्यांनी तो नाकाशी नेला आणि घामाच्या वासालाही त्या दिवशी नाक मुरडलं नाही.

मग सातची पिशवी उघडली आणि त्यांचा हात थबकला.

चिमणीचा टॉवेल चिखलात बुडवून काढल्यासारखा होता. बुटांवर बुटांचे ठसे. गोल खिळे, चौकोनी खिळे. च्युइंगम, दोन ठिकाणी. थुंकी तर मोजायला नको. मोठ्या बाई एकेक ठसा बोटाने तपासत गेल्या. अर्ध्या चंद्राची टाच त्यात कुठेही नव्हती.

नव्या बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "शी! कुणी केलं हो हे असं?"

"माझ्या लेकीचा आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. घृणेने अंगावर काटा आला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते त्यांना सांगता आलं नसतं.

संध्याकाळी चिमणीने थोडक्यात सांगितलं. मॅडमनी नाव जाहीर करण्याआधी मुलींनी चौदाचा टॉवेल मागितला. चिमणी दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, आजपासून हे बंद. सगळ्या चिडल्या. स्वतः करून मोकळी झालीस आणि आता साळसूद होतेस? एक म्हणाली, आम्ही सोसलं ते काय फुकट?

"आई, त्यांचं खरंच होतं. मीच तर थुंकले होते. मग मी माझा टॉवेल टाकला. म्हटलं, पुसायचेच असतील तर याला पुसा."

"पुसले?"

"पुसले. दोघी सोडून सगळ्यांनी. एक चौदा नंबर, आणि एक बदली खेळाडू आहे, ती. त्या दोघी अनवाणी आत आल्या, बूट हातात घेऊन." चिमणीने नाक ओढलं. "कर्णधार दुसरीच झाली. मॅडम म्हणाल्या, जिला संघाची पद्धत पाळता येत नाही तिच्या हाती संघ कसा देऊ?"

"तोंड पुसलंस?"

"नाही. त्या ओरडत होत्या, पूस, पूस. मी म्हटलं, नाही पुसणार, आणि यापुढे कुणीच पुसणार नाही." मग हळूच, "आई, तुला माझा राग येतो का गं अजून?"

मोठ्या बाईंनी तिचं ताट पुढे ओढलं आणि भरभरून वाढलं. "थुंकलीस त्याचा येतो. आयुष्यभर येईल. दारात उभी राहिलीस त्याचाही कधी विसर पडणार नाही. आता जेव."

*

त्या आठवड्यात लॉन्ड्रीत एक वेगळंच काम चाललं. इस्त्रीवाल्या काकांनी जुन्या, फाटक्या गोण्या काढून दिल्या. नव्या बाईंनी त्या चार पदरी दुमडल्या, मोठ्या बाईंनी जाड सुतळीने शिवल्या. हसणाऱ्या बायका दोन दिवस हसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांतली एक स्वतःच मोठी सुई घेऊन आली आणि म्हणाली, "कडा अशी नाही घालायची, उसवेल. सरा तिकडे." गोणीची पाळीही कुरकुरत का होईना, तिने घेतली. आता हातमोज्यांचे सहा जोड खिळ्यावर होते.

शनिवारी ते जाडजूड पायपुसणं मोठ्या बाईंनी स्वतः नेऊन मुलींच्या खोलीच्या दारात टाकलं. एवढी वर्षं त्या दारातून शेकडो चिखलाचे बूट आत गेले, आणि दाराला एक पायपुसणं टाकावं हे कुणाला म्हणजे कुणालाच सुचलं नव्हतं! कशाला सुचेल? त्यांच्याकडे दर वर्षी एक नवी मुलगी येत होती.

मॅडमनी ते पाहिलं. मग आपले बूट त्यावर पुसले, जरा जास्तच वेळ, आणि आत गेल्या.

सामना सुरू झाला. मोठ्या बाई कठड्याला टेकून उभ्या. शेजारी नव्या बाई, हातात पिशवी घेऊन. पहिल्या अर्ध्यात एक गोल खाल्ला. संघ अजून फुटलेलाच होता, वादळकडे चेंडू द्यायला दोघी-तिघी टाळत होत्या. चौदा नंबर खांबापाशी गप्प. मोठ्या बाईंनी मनातल्या मनात देवाचा धावा केला. जिंकव असं म्हणत नाही, पण त्या पोरीचं तोंड उघड रे बाबा!

दुसऱ्या अर्ध्यात आपल्या बाजूने एक गोल झाला. एकेक अशी बरोबरी. शेवटची काही मिनिटं उरली. चिमणी दमून मैदानाच्या मध्यावर कमरेवर हात ठेवून उभी, आणि समोरच्या संघाची एक मुलगी तिच्या पाठीमागून गुपचूप पुढे निघालेली. चिमणीला ती दिसत नव्हती. मैदानावर फक्त एकीला दिसत होती.

आणि मग ओरडणं आलं. आधी चिरकं, घाबरलेलं, आणि मग सणसणीत!

"सात नंबर! ए वादळ! मागे बघ! झोपलीस का? पळ! डावीकडे, डावीकडे!"

चिमणी गर्रकन वळली. नव्या मुलीने आपल्याला झोपलीस का म्हणून सगळ्यांसमोर झापलं, याचा विचार करायला तिला वेळ नव्हता. ती जीव खाऊन धावली, पाय घातला, चेंडू बाहेर गेला. मग चौदा नंबर थांबेचना. जीभ सुटली तिची! हिला इकडे, तिला तिकडे, कर्णधारालाही, "अगं तुझ्या बाजूला मोकळी आहे ती, धर!" आणि कर्णधाराने धरली.

सामना बरोबरीत सुटला. चिमणी बाकावरचा आपला टॉवेल खांद्यावर टाकून, चिखलाने माखलेली, गोलपाशी गेली. लांबून ऐकू काही आलं नाही. पण चौदा नंबरने आधी दोन्ही हात तोंडावर नेले, बहुतेक माफी मागत होती. चिमणीने मान हलवली, स्वतःच्या खांद्यावरचा स्वच्छ टॉवेल काढला आणि तिच्या हातात दिला. पोरीने तोंड पुसलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फक्त कठड्यापाशी नव्या बाईंनी मोठ्या बाईंचा हात घट्ट धरला. दोघींच्या हातांना साबणाचा वास येत होता.

तर मंडळी, कुणाला वाटेल ही खेळणाऱ्या पोरींची गोष्ट आहे. नाही. आपल्या कचेरीत नवा कारकून येतो, घरात नवी सून येते, वर्गात नवं मूल येतं, आणि आपण म्हणतो, आम्ही सोसलं, आता याची पाळी. जे सोसताना आपल्याला किळस आली तेच दुसऱ्याला वाढताना आपण हसतो, आणि त्या हसण्याला परंपरा म्हणतो. मान असा मिळत नाही. तुमच्या कामासाठी समोरचा आपलं काम क्षणभर थांबवतो, तुम्ही चुकलात तर नवखाही तुम्हाला बेधडक हाक मारतो आणि तुम्ही ती ऐकता, तो मान. बाकी सगळी भीती. देवाने माणसाला तोंड दिलं ते बोलायला, नाव घ्यायला, वेळेवर ओरडून सावध करायला. त्याला आपले बूट लावू नका.

आज घरी गेलात, कामावर गेलात की उंबऱ्यापाशी क्षणभर थांबा आणि खाली बघा. पाय पुसायला तिथे खरंच काही टाकलंय का? की आत एखादं माणूस, तुमच्यामागून आलेलं, आपला टॉवेल पसरून हसतमुखाने उभं आहे?